घर हलविताना सापडलेला चषक

घर हलवावयाची वेळ आली म्हणजे आपल्या संसाराची खरी मोजदाद होते. एरव्ही आपल्याजवळ काय आहे हे आपणांस ठाऊक असते अशी आपली समजूत असते; पण फडताळे रिकामी होऊ लागली, पेट्या पलंगाखालून बाहेर आल्या आणि माळ्यावरची गाठोडी खाली उतरली म्हणजे किती वस्तू आपण जपून ठेविल्या आणि किती केवळ लपवून ठेविल्या, याचा उलगडा होतो. गेला पंधरवडा आमच्या घरी हीच मोजदाद चालू आहे. शाळेच्या नोकरीसाठी आम्ही १९८४ च्या जून महिन्यात हट्ट्याला आलो ते येथलेच झालो. आता वय झाले, जिन्याची आणि विहिरीच्या काठाची भीती वाटू लागली, आणि गोंदियास असलेल्या चिरंजिवांनी आम्हां उभयतांस आपल्याकडे येण्याचा आग्रह धरिला. आग्रह प्रेमाचा होता, मोडवेना.

हट्टा आमच्या सर्व वाचकांच्या परिचयाचे असेलच असे नाही. बालाघाट जिल्ह्यातले हे गाव गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या परिसरात आहे. स्थानकाचे नाव हट्टा रोड. येथली दगडी पायऱ्यांची जुनी बावडी पाहावयास बाहेरगावची माणसे येतात. भोवताली धानाच्या बांध्या. घराघरांतून पोवारी, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही बोली एकाच चुलीपाशी नांदतात. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते. येथली कित्येक कुटुंबे अशी, की माणसे जागची हलली नाहीत, सीमाच त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या मधून निघून गेली. तेव्हा आमचे हे घर हलविणे म्हणजे काही मोठे देशांतर नव्हे. तरीही घर ते घर.

परवा सायंकाळी आमच्या सौभाग्यवतींनी फडताळाच्या पाठीमागून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि विचारले, “अहो, हे काय? इतकी वर्षे मला कसे दिसले नाही?” पितळेचा, वीतभर उंचीचा, काळवंडलेला एक चषक होता तो. त्यासोबत आमची जुनी शिट्टीही होती. शिट्टी आम्ही खिशात टाकिली. चषकाविषयी मात्र त्यांस काय सांगावे हे आम्हांस चटकन सुचले नाही. त्या रात्री सांगितले. आणि त्यांस सांगितले तेच आज वाचकांसही सांगावे असे मनाने घेतले आहे.

आम्ही खेळाचे जाणकार नव्हतो. शाळेत शिकवावयाचे ते गणित आणि मराठी. पण नव्या गावी बिऱ्हाड मांडल्यावर पहिले चार महिने संध्याकाळ कशी घालवावी हा मोठा प्रश्न असतो. शेजारी भले असले तरी नवख्या माणसाशी ते जपूनच बोलतात. एके दिवशी धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत पोरे कबड्डी खेळताना दिसली. त्यांचे पंचावरून भांडण जुंपले होते. एकाने आम्हांस हाक मारिली, “गुरुजी, तुम्ही पंच व्हा!” आम्ही झालो. दुसऱ्या दिवशी फक्की घेऊन गेलो आणि मध्यरेषा, निदानरेषा आखून दिल्या. तिसऱ्या दिवशी मुलांच्या आया आम्हांस ओळखू लागल्या. नव्या गावात माणसास आधी खोली लागत नाही, आधी एखादे मैदान लागते, हे आम्ही त्या आठवड्यात शिकलो.

म्हणूनच १९८६ साली एक मुलगा शाळेत दाखल झाला तेव्हा त्याची अवस्था आम्हांस चटकन उमगली. त्याचे वडील लोहमार्गावर गँगमन. तेव्हा ही गाडी नॅरोगेजची होती. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपुरास जाणारी. बदली झाली की बिऱ्हाड उचलावयाचे. चौदा वर्षांच्या त्या मुलाने तोवर पाच घरे पाहिली होती. मराठी त्यास येत नव्हते, पोवारी कळत नव्हती, आणि वर्गातली मुले त्यास ‘बाहेरचा’ म्हणत. आम्ही त्यास मैदानावर उभे केले. त्याचा दम असा दांडगा आणि पाय असे हलके, की महिन्याभरात त्याचा ‘बाहेरचा’ गळून पडला आणि मुले त्याच्या नावाने ओरडू लागली. त्याच्या आईने एकदा आम्हांस सांगितले होते, की या गावी तो पहिल्यांदा रात्री शांत झोपू लागला. शिक्षकास याहून मोठे वेतन कोणते?

कबड्डीत एक गोष्ट इतर खेळांहून निराळी आहे. चढाई करणारा विरुद्ध अंगणात जातो, कोणास तरी बोटाचा, पायाच्या अंगठ्याचा ओझरता स्पर्श करितो आणि दम न सोडता परत येतो. तो स्पर्श झाला की नाही हे कित्येकदा दोघांनाच ठाऊक असते. पंच एका बाजूस, धूळ उडालेली, प्रेक्षकांचा कल्लोळ. अशा वेळी ज्यास स्पर्श झाला त्याने आपण होऊन हात वर करावा आणि रेषेबाहेर जावे, ही चांगल्या खेळाडूंची रीत. आम्हीही मुलांस हेच शिकविले होते. फळ्यावर लिहूनही दिले होते.

आज तर सामन्यांवर चहूबाजूंनी कॅमेरे असतात. तरीही ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझाऊ येथे आशियाई खेळांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला, तेव्हा २८-२८ अशी बरोबरी असताना आपला कर्णधार पवन सेहरावत याच्या एका चढाईवरून असा वाद पेटला, की सामना सुमारे तासभर थांबला. खेळाडू मैदानातच बसून राहिले, निर्णय फिरले आणि पुन्हा फिरले. शेवटी ३३-२९ असा आपला विजय झाला. त्या वादात कोणाची बाजू खरी हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच ध्यानात आले, की यंत्रे कितीही आणिली तरी पंचाच्या निर्णयाने खेळाडूंचे समाधान होतेच असे नाही. स्पर्शाचा खरा पंच खेळाडूच्या आत बसलेला असतो, आणि त्याचे तोंड बंद करणे कोणाही बाहेरच्या माणसास फार सोपे असते.

ते तोंड आम्ही बंद केले. १९८८ च्या जानेवारीत आंतरशालेय सामन्यांचा अंतिम सामना होता. समोर शेजारच्याच एका गावचा संघ. शेवटचे मिनिट चालू होते आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्यांच्या मुलाने चढाई केली. परतताना त्याच्या बोटांची टोके आमच्या त्या मुलाच्या मनगटास लागली. आम्ही रेषेपाशीच बसलो होतो. आम्हांस ते स्वच्छ दिसले. पंचांस दिसले नाही. चढाई करणारा हात उंचावून गुण मागू लागला. आमच्या मुलाचा हात खांद्यापर्यंत वर गेला. तेवढ्यात त्याने आमच्याकडे पाहिले.

वाचकहो, त्याने आमच्याकडे पाहिले नसते तर काय बिघडले असते! पण त्याने पाहिले, आणि आम्ही मांडीवरचा हात किंचित खाली दाबून त्यास खूण केली: थांब. त्या खुणेस एक क्षणही लागला नाही. मुलाचा हात खाली आला. पंचांनी चढाई रिकामी ठरविली. आम्ही एका गुणाने जिंकलो. शाळेस ढाल मिळाली, आणि मार्गदर्शक शिक्षकासाठी म्हणून आम्हांस हा लहानसा चषक.

परतताना मुलांनी बैलबंडीत गाणी म्हटली. तो मुलगा मागे तणशीवर बसून होता. आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारिली आणि म्हणालो, “शाबास.” त्याने काहीच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी तो मैदानावर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. निरोप धाडिला तर आईस बरे नाही असे उत्तर आले. मार्चमध्ये वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब गेले. निरोप घ्यावयास तो घरी आला, पाया पडला आणि निघाला. त्याच्या पाठमोऱ्या मूर्तीकडे पाहताना आमच्या मनात आले, की या मुलाने सहावे घर सोडले, आणि या खेपेस सोबत न्यावयास आम्ही त्यास काय दिले? चषक आम्ही त्याच आठवड्यात टॉवेलात गुंडाळला.

त्यानंतरही आम्ही पुष्कळ वर्षे मुलांस खेळविले. कदाचित थोडे बरेही खेळविले. मुलांस थोर खेळाडूंच्या गोष्टी सांगण्याचा आमचा परिपाठ होता, आणि त्या गोष्टी सांगताना आमचाच कान आमच्याच हाती येई. विजय हजारे यांची गोष्ट आम्ही हमखास सांगत असू. सांगलीच्या ख्रिस्ती मराठी घरातला हा खेळाडू. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू संघाविरुद्ध ‘इतर’ या संघाकडून खेळताना त्यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा केल्या. मुले टाळ्या वाजवीत. मग आम्ही विचारीत असू, की त्या वेळी दुसऱ्या टोकास कोण उभे होते? त्यांचे बंधू विवेक हजारे. दोघांनी मिळून ३०० धावांची भागी केली. तीत विवेकांच्या वाट्याच्या धावा अवघ्या २१. तासन्‌तास त्यांनी आपले टोक राखिले, म्हणून भावाच्या ३०९ झाल्या. सामना तर त्यांचा संघ हरलाच. पण ज्याने २१ केल्या त्याचे वर्तनही मुलांस शिकविले पाहिजे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्यास आयुष्यात तेच टोक येते.

दुसरी गोष्ट खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीस गेला आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, घेऊन आला. जपानच्या मल्लाशी दीर्घ झुंज झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांस सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले, आणि त्यांची बाजू मांडावयास आपला कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. तरीही ते आखाड्यात उतरले आणि जे पदरात पडले ते घेऊन मान ताठ ठेवून परतले. मुलांस ही गोष्ट आवडे. आम्हांस मात्र तिच्यातला दुसरा माणूस अधिक छळी. खाशाबांच्या प्रवासासाठी पैसे पुरेनात, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ते घर सोडविले. एका शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी आपले घर पणास लाविले. आणि दुसऱ्या एका शिक्षकाने वीतभर पितळेसाठी विद्यार्थ्याचा उचललेला हात खाली दाबिला. ही दुसरी ओळ आम्ही वर्गात कधी उच्चारिली नाही.

मुलांस खेळ शिकविणाऱ्याने काय करावे याचा एक दाखला अलीकडचाही आहे. राहुल द्रविड आपल्याच मध्य प्रदेशात, इंदुरास, मराठी घरात जन्मले. २०१८ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली एकोणीस वर्षांखालील मुलांनी विश्वचषक जिंकिला, तेव्हा मंडळाने त्यांस ५० लाख आणि त्यांच्या साहाय्यकांस प्रत्येकी २० लाख रुपये जाहीर केले. द्रविडांनी हा भेद मान्य केला नाही. शेवटी सर्वांस सारखेच, प्रत्येकी २५ लाख मिळाले. स्वतःचे निम्मे सोडून इतरांचे वाढवून घेणारा मार्गदर्शक ज्या मुलांनी पाहिला, त्यांस सदाचारावर निराळे व्याख्यान लागत नाही. मुले आपले शब्द ऐकत नाहीत असे आपण म्हणतो. ती आपला हात पाहत असतात.

हे आम्हांस ज्याने शिकविले तो तोच मुलगा. २०११ साली गोंदिया स्थानकावर चाळिशीकडे झुकलेल्या एका गृहस्थाने आमचे पाय धरिले. ओळख पटावयास वेळ लागला. तो आता रेल्वेतच नोकरीस होता, आणि आपल्या वसाहतीतल्या मुलांस संध्याकाळी कबड्डी शिकवीत होता. आम्ही विचारले, “काय शिकवितोस त्यांना?” तो हसून म्हणाला, “गुरुजी, एकच गोष्ट पहिल्या दिवशी सांगतो. स्पर्श झाला की आधी हात वर करायचा. माझ्याकडे नंतर बघायचं.”

त्याच्या स्वरात उपहास नव्हता, रागही नव्हता. गाडी लागली, तो चढला आणि गेला. क्षमा मागावयास आम्हांस पुरता पाव तास मिळाला होता; तो आम्ही त्याच्या मुलाबाळांची चौकशी करण्यात घालविला.

असो. परवा चषक हाती आला तेव्हा तो गोंदियास न्यावयाचा नाही एवढे निश्चित झाले. फेकून देणेही बरे दिसेना. क्षमा मागणे ही एक गोष्ट आणि घेतलेले परत करणे ही दुसरी, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीच मुलांस इतकी वर्षे सांगत आलो. तेव्हा काल दुपारी चषक पिशवीत घालून आम्ही त्या शेजारच्या गावी गेलो. त्यांचा त्या वेळचा कर्णधार, ज्याने ती चढाई केली होती, तो आता शेती करितो. केस पिकले आहेत. ओसरीवर बसवून त्याने पाणी दिले, चहा सांगितला. आम्ही चषक पुढे ठेविला आणि जे घडले ते सांगितले. तो सर्व ऐकून घेऊन म्हणाला, “गुरुजी, आमाले तवाच मालूम होतं. माह्या बोटाले लागलं होतं नं! दोन दिस लई राग आला, मंग धानाच्या कामात भुलून गेलो. तुमी मात्र इतके वर्स घरात ठेवून बसले.”

आम्ही निरुत्तर झालो. चषक तो घेईना. फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, “बरं, ठेवा. पण चला, आधी पोरायले पाहा.” गावाबाहेर मोकळ्या बांधीत दहाबारा मुले खेळत होती. त्याने आम्हांस पुढे करून सांगितले, की हे हट्ट्याचे गुरुजी, यांचे ऐका. आम्ही खेळाचे चार नियम सांगून मोकळे झालो असतो. पण घर हलविताना माणूस थोडा धीट होतो. मागे ठेवावयाचे ते मागेच राहावे असे त्यास वाटते. त्या मुलांस आम्ही सगळी हकीकत सांगितली, मांडीवरच्या हाताच्या खुणेसकट. आमच्या या तोंडाने ती चारचौघांत प्रथमच बाहेर पडली.

मुले गप्प होती. मग एका लहानग्याने विचारले, “गुरुजी, त्यानं हात वर केला असता तं तुमी हरले असते का?”

“नाही रे,” आम्ही म्हणालो. “एकच गुण त्यांना मिळाला असता. बरोबरी झाली असती. मग पाच-पाच मिनिटांचे दोन जादा डाव.”

त्याचे डोळे चमकले. “म्हंजे आणखी खेळाले भेटलं असतं नं!”

वाचकहो, इतक्या वर्षांत ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. आम्ही त्या दिवशी पराभवास भ्यालो नव्हतो. आम्ही बरोबरीस भ्यालो होतो. ज्या खेळाने आम्हांस आणि त्या मुलास परक्या गावी आपलेसे केले, तो आणखी दहा मिनिटे खेळावयास मिळणे हीच आम्हांस आपत्ती वाटली. मोठी माणसे रेषेपाशी बसतात तेव्हा त्यांना चषक दिसतो, मुलांना खेळ दिसतो.

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला आणि तिथला मुकुट कोमेजणारा असतो याची आठवण करून दिली. करिंथ नगराजवळ होणाऱ्या सामन्यांत विजेत्यास पानांचाच मुकुट मिळे. आमचा पितळेचा होता म्हणून अधिक दिवस टिकला, एवढेच. काळा तोही पडला.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले शाळेच्या किंवा धर्मग्रामाच्या मैदानावर खेळत असतील. काही जण स्वतः शिट्टी गळ्यात घालून मुलांस खेळवीत असतील. त्यांस आमचे एवढेच सांगणे, की सामन्याच्या शेवटच्या मिनिटास आपले हात पाठीमागे बांधून उभे राहावे. मुलाने आपल्याकडे पाहिलेच तर त्यास आपल्या चेहऱ्यावर भीती दिसू नये. आणि एखादे कुटुंब बदलीने, मोलमजुरीने किंवा अन्य कारणाने आपल्या गावी नवे आले असेल, तर त्यांच्या मुलास संध्याकाळी खेळावयास बोलवावे. घर बांधून देणे आपल्या हाती नसेल. रेषेच्या आत एक जागा देणे आपल्या हाती आहे.

शिट्टी आम्ही त्या लहानग्यास देऊन आलो. उद्या सकाळी सामानाची गाडी येईल. आज रात्री त्या मुलास, म्हणजे आता नातवंडे होण्याच्या वयास आलेल्या त्या गृहस्थास, पत्र लिहावयाचे आहे. पत्ता सौभाग्यवतींनी त्याच्या जुन्या सोबत्याकडून मिळविला आहे. कागद-लेखणी तेवढी पेटीबाहेर ठेविली आहे.